बारा बाय दहाचा प्रश्न

रिकामी जागा मराठी माणसाला बघवत नाही. दिवाणखान्यातली भिंत मोकळी दिसली की तिथे घड्याळ येतं, घड्याळाखाली शोकेस येतं आणि शोकेसमध्ये लग्नात आलेला, कधीच न वापरलेला टी-सेट येतो. माळा मोकळा असेल तर तिथे मिक्सरचं खोकं चढतं आणि त्या खोक्यात इतर वस्तूंची घडी घातलेली खोकी. पण या जागा घराच्या आत असतात. त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क घरच्यांचा. घरामागे, उघड्या आभाळाखाली, एखादा कोबा रिकामा पडलेला असला की तो मात्र सार्वजनिक प्रश्न होतो. त्यावर मत द्यायला ओळखही लागत नाही. गॅसचं सिलिंडर आणून देणारा मुलगासुद्धा पावती फाडता फाडता मागे डोकावतो आणि म्हणतो, "काका, हितं शेड का नाही मारत?"

आमच्या निगडी प्राधिकरणातल्या घरामागे असा कोबा आहे. लांबी बारा फूट, रुंदी दहा फूट, जाडी चार इंच. एका बाजूला नारळ, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत. वर छप्पर नाही, शेजारी नळ नाही, तिकडे जायला धड पायवाट नाही. घरी आलेला पाहुणा चहा झाला की घर बघायला उठतो. पुढची बाग, वरची खोली, गच्ची हे सगळं तो "छान, छान" म्हणत उरकतो आणि मागच्या दाराशी येऊन थांबतो. कमरेवर हात ठेवतो. डोळे बारीक करतो. मग म्हणतो, "हे असंच पडलंय?"

तिथून पुढे तो पाहुणा राहत नाही. सल्लागार होतो.

सुरुवात माझ्या साडूंनी केली. ते पुण्यात बाराव्या मजल्यावर राहतात. त्यांच्या बाल्कनीत दोन खुर्च्या ठेवल्या की माणसांना आत उभं राहावं लागतं. त्यामुळे जमिनीला टेकलेली कुठलीही मोकळी जागा दिसली की त्यांना तिथे गझीबो दिसतो. "चार खांब, वर मंगलोरी कौलं, मधे दगडी टेबल," ते हवेत हात फिरवत म्हणाले, "आणि त्या कोपऱ्यात बार्बेक्यू."

"म्हणजे काय?" आईने विचारलं.

"निखाऱ्यावर भाजायचं सगळं. पनीर, बटाटे, कणसं. आपल्या हातानं. बाहेर, मोकळ्यावर."

"लग्न होऊन आले तेव्हा पंधरा माणसांचं रोज असंच करत होते," आई म्हणाली. "गॅस आला त्या दिवशी मी पेढे वाटले."

साडू हार मानणाऱ्यांतले नाहीत. पनीर मागे घेऊन त्यांनी चुलीवरचं मटण आणि बाजरीची भाकरी पुढे केली. अडचण निघाली ती वेगळीच. कोब्यावर थेट जाळ करता येत नाही. काँक्रीटच्या पोटात ओल अडकलेली असते. जाळाने तिची वाफ झाली, की ती बाहेर पडायला वाट शोधते आणि वरचा पापुद्रा टणकन उडवते. "मग सोपं आहे," साडू म्हणाले, "खाली वाळूचा थर द्यायचा, वाळूवर विटा मांडायच्या." म्हणजे कोबा वापरण्यासाठी आधी कोबा झाकायचा. पुढे जेवढ्या योजना आल्या, त्यांतल्या बहुतेकींची पहिली पायरी हीच निघाली.

मुलीला खेळ दिसला. तिच्या ऑफिसातली निम्मी माणसं सध्या पिकलबॉल खेळतात आणि उरलेली निम्मी तो खेळून दुखावलेला गुडघा शेकतात. तिचा मुद्दा मात्र बिनतोड होता. हा खेळ जन्मालाच मुळी परसदारी आला. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड नावाच्या गृहस्थांच्या घरी मंडळी कंटाळून बसली होती. घरामागे बॅडमिंटनचं जुनं कोर्ट नुसतं पडून होतं, पण खेळायचं पुरेसं सामान सापडेना. मग हाताला लागल्या त्या टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन त्यांनी काहीतरी सुरू केलं. त्या काहीतरीचे पुढे नियम झाले, स्पर्धा झाल्या आणि ते निगडीपर्यंत आलं.

"म्हणजे त्यांच्याकडेही कोबा असाच पडला होता, बाबा."

मी लगेच पुण्याची बाजू मांडली. बॅडमिंटनचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्याच्या लष्करातल्या गोऱ्या साहेबांनी बसवले. त्या खेळाला तेव्हा 'पूना' म्हणत. या हिशेबाने पिकलबॉल हा आपल्या कॅम्पातलाच मुलगा, फक्त अमेरिकेत वाढलेला. एवढा अभिमान व्यक्त करून आम्ही टेप काढला. पिकलबॉलचं कोर्ट ४४ बाय २० फुटांचं असतं, म्हणजे ८८० चौरस फूट. आमचा कोबा १२०. जाळीच्या दोन्ही अंगांना सात-सात फुटांचा एक पट्टा असतो, त्यात उभं राहून चेंडू वरच्या वर मारायला बंदी असते. त्या पट्ट्याला खेळाडू 'किचन' म्हणतात. एका बाजूचं किचन सात बाय वीस, म्हणजे १४० चौरस फूट. थोडक्यात, त्या खेळाचं एक स्वयंपाकघरही आमच्या कोब्यावर मावत नव्हतं.

आईला नियम तेवढा पटला. "स्वयंपाकघरात चेंडू मारायचा नाही, हे बरोबर आहे. तुझ्या बापाच्या लहानपणी हा खेळ असता तर माझ्या दोन बरण्या वाचल्या असत्या."

शेजारचे काका आयुष्यभर कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. ते निवृत्त झाले, क्वालिटी कंट्रोल झालं नाही. आमच्या भागात निवृत्त माणूस संध्याकाळी देवळात जातो ही समजूत चुकीची आहे. तो शेजाऱ्याकडे जातो आणि तिथलं काय चुकलंय ते सांगतो. काका भाजीच्या पिशवीतून स्पिरिट लेव्हल, स्टीलचा टेप आणि एक वही घेऊन आले. आधी त्यांनी कोब्यावर बादलीभर पाणी ओतायला लावलं आणि ते कुठे जातं ते उकिडवं बसून पाहिलं. पाणी सावकाश, पण ठाम निश्चयाने घराकडे निघालं.

"ढाळ उलटा आहे," काका म्हणाले. "घरापासून लांब हवा, हा घराकडे आहे. लिहून घेतो." मग त्यांनी हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी एक लिटर भरतं. कोबा अकरा चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. "साडेसात हजार लिटरच्या वर पाणी तू दर पावसाळ्यात स्वतःच्या घराच्या पायात सोडतोयस. माहीत आहे?"

माहीत नव्हतं. आणि कळलं नसतं तर मी आणखी एक पावसाळा शांत झोपलो असतो.

"आपण मुळाशी जाऊ," काका म्हणाले. "जपानी पद्धत. टोयोटात हेच करतात. पाच वेळा 'का' विचारायचं, मूळ कारण आपोआप हाती येतं. कोबा रिकामा का?"

"कशासाठी करायचा हे ठरलं नव्हतं म्हणून."

"न ठरवता केला का?"

"घर बांधून झाल्यावर सिमेंटची सात पोती उरली होती."

"उरली का?"

"दादांनी जास्तीची आणून ठेवली होती."

"जास्तीची का आणली?"

"कारण तेव्हा सिमेंट मिळत नव्हतं. परमिट लागायचं."

"परमिट का लागायचं?"

इथे मी थांबलो. पाचव्या 'का'चं उत्तर आमच्या घरात नव्हतं. ते अर्धं दिल्लीत होतं आणि अर्धं मंत्रालयात. आमचं घर बांधलं १९८१ साली. सिमेंटवर तेव्हा सरकारचं पूर्ण नियंत्रण होतं. ते १९८२ मध्ये थोडं सैल झालं आणि पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. याच सिमेंटच्या वाटपावरून महाराष्ट्रात असं वादळ उठलं, की १९८२ च्या जानेवारीत बॅरिस्टर अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. त्या दिवसांत उपवर मुलीसाठी स्थळ विचारावं तशा दबक्या आवाजात माणसं एकमेकांना "तुम्हाला कुठून मिळालं?" असं विचारत. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अर्ज केले, रांगा लावल्या, साहेबांच्या सह्या आणल्या आणि उद्या मिळेल न मिळेल म्हणून लागणार होती त्यापेक्षा जास्त पोती घरात आणून टाकली. घर उभं राहिलं आणि सात पोती उरली.

आता उरलेल्या सिमेंटचं दुखणं असं, की ते पोत्यात फार दिवस राहत नाही. तीनेक महिन्यांत त्याचा जोर उतरायला लागतो आणि पावसाळी हवा लागली तर पोत्याचाच दगड होतो. जून तोंडावर आला होता. विकायचं तर परमिटाचं सिमेंट, कोणी तक्रार केली म्हणजे? पाहुण्यांना द्यायचं तर सात पोती आणि नऊ पाहुणे. दादा म्हणाले, "सिमेंट वाया जाता कामा नये." आणि त्यांनी घरामागे कोबा ओतून घेतला. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असं धरलं तर चार इंच जाडीच्या बारा बाय दहाला बरोबर सात पोती लागतात. मापात कसलीही योजना नव्हती. पोती संपली तिथे कोबा संपला.

काकांनी वहीत लिहिलं : "मूळ कारण : केंद्र सरकारचं सिमेंट धोरण. उपाय : आपल्या कक्षेबाहेर."

आत्याला दिशा दिसल्या. ती मागच्या दारात उभी राहिली, मोबाइलमधलं होकायंत्र आडवं धरून दोनदा स्वतःभोवती फिरली आणि मटकन खुर्चीत बसली. "ईशान्य!" ती म्हणाली. वास्तूत ईशान्य हलकी हवी आणि नैऋत्य जड. आमचं वजन नेमकं ईशान्येला. किती, ते सांगायला काका हजरच होते. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो भरतं, आमच्या कोब्यात एक घनमीटरहून थोडं जास्त काँक्रीट आहे, म्हणजे २७०० किलो.

"जवळजवळ पावणेतीन टनांचा दोष!" आत्याने कपाळाला हात लावला. "चाळीस वर्षांच्या वर घरात ठेवलाय!"

"पण आत्या, या चाळीस वर्षांत आमचं काही वाईट झालं नाही."

तिने माझ्याकडे जरा वेळ मायेने पाहिलं. "तू इंजिनिअर होणार होतास," ती म्हणाली.

कोबा हलवता येत नसेल तर नैऋत्येला तेवढंच वजन ठेवायचं, असा तोडगा तिने दिला. नैऋत्येला आमचा जिना आहे आणि जिन्याखाली गाद्या. आईच्या लग्नातली सगळी तांब्यापितळेची भांडी, काकांची वही आणि साडू असं सगळं तिथे बसवलं तरी पावणेतीन टन होईनात.

समोरच्या वहिनींना भाजी दिसली. खरं सांगायचं तर सगळ्यांत अभ्यास त्यांचाच होता. प्रयोग परिवारवाले श्री. अ. दाभोळकर थोड्याशा जागेतून आणि अंगणात पडणाऱ्या उन्हातून घरापुरतं अन्न कसं काढता येतं हे शिकवत असत. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाच्या रसवाल्यांकडचा चोथा वापरून गच्चीवर भाज्या पिकवून दाखवल्या. तेव्हा आपल्याकडे कोबा आहे, जमीन नाही, ही सबब चालणार नाही, असं वहिनींनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. प्लास्टिकचे जुने ड्रम अर्धे कापायचे. तळाला भोकं पाडायची. ड्रम थेट कोब्यावर ठेवायचे नाहीत, खाली विटा द्यायच्या, कारण एप्रिलमध्ये कोबा असा तापतो की मुळं भाजून निघतात आणि पावसाळ्यात भोकं बुजून पाणी कोंडलं तर तीच मुळं कुजतात. मेथी-पालकाला आठ इंच खोली पुरते, वांगी-टोमॅटोला फूटभर हवी. कोपऱ्यात, नारळाच्या सावलीत, गांडूळखताचा वाफा.

"गांडुळांना काय लागतं?" हिने विचारलं.

"ओल, काळोख आणि घरातला ओला कचरा. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा. फक्त तिखट, मीठ आणि तेल असलेलं उरलंसुरलं नाही चालत हं."

"म्हणजे आमच्याकडचं काहीच नाही चालणार."

"वन्संच्या हातचं चालेल," आई म्हणाली. आत्या शेजारीच बसली होती. गांडुळांचा विषय तेवढ्यावर थांबला.

हिच्या मनात वेगळंच होतं. चंडीगडला नेकचंद नावाच्या गृहस्थांनी सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करता करता, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि पाडलेल्या घरांचा मलबा गोळा करून गुपचूप एक अख्खी बाग उभी केली. सरकारला पत्ता लागायला बरीच वर्षं लागली. बाग पाडण्याऐवजी सरकारने त्यांनाच पगार देऊन ती वाढवायला सांगितलं आणि १९७६ मध्ये लोकांना खुली केली. हे वाचल्यापासून कोब्यावर फुटक्या चिनीमातीची नक्षी करायची असं हिने ठरवलं. त्या आठवड्यापासून आमच्या घरातल्या कपबश्या फुटायचं प्रमाण वाढलं आणि कोणी रागावेनासं झालं. शोकेसमधल्या टी-सेटकडेही ही अधूनमधून वेगळ्या नजरेने पाहू लागली.

सगळ्यात टोकाची सूचना भाच्याची. तो पर्यावरणावर काम करतो, म्हणजे इतरांच्या पर्यावरणावर. "मामा, फोडून टाक." मग त्याने सांगितलं की नेदरलँड्समध्ये फरश्या उपटायची चक्क राष्ट्रीय स्पर्धा असते. २०२० मध्ये ती ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅम या दोन शहरांत लागली, २०२१ पासून देशभर भरते. लोक परसातल्या फरश्या काढतात, तिथे झाडं लावतात आणि महापालिका मोजणी करतात.

"आपल्याकडेही उपटतात की," मी म्हटलं, "दर मार्चअखेरीला. फक्त त्या जागी पुन्हा पेव्हर ब्लॉकच बसवतात."

भाच्याला मियावाकी पद्धतीचं जंगल हवं होतं. अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञाची ती रीत : चौरस मीटरला तीन-चार देशी रोपं दाटीने लावायची, म्हणजे ती उन्हासाठी एकमेकांशी स्पर्धा करत झपाट्याने उंच होतात. या हिशेबाने कोब्याच्या जागी तीस-चाळीस झाडांचं जंगल.

"आणि साप?" आईने विचारलं.

"ती जैवविविधता, आजी."

"मग तू रात्री मागचं दार लावायला येत जा."

तरीही फोडायचा खर्च विचारायला मिस्त्री बोलावले. त्यांनी हातोड्याने कोब्यावर एक ठोका दिला, कान दिला, आणखी एक ठोका दिला आणि आदराने हातोडा खाली ठेवला. "ह्यो हातानं फुटायचा नाय. मुरलेला माल हाय." खरं होतं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासतात, पण ते पुढेही वर्षानुवर्षं हळूहळू घट्ट होत राहतं. ब्रेकर लावावा लागणार, टेम्पो लागणार. नियमांप्रमाणे राडारोडा ठरवून दिलेल्या ठिकाणीच न्यावा लागतो, रात्री गुपचूप नदीकाठी ओतून येता येत नाही. मिस्त्रींनी आकडा सांगितला. तो ऐकल्यावर भाच्याने नव्याने विचार केला. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे निघतो, हे तोच आदल्या दिवशी सांगत होता. आता म्हणाला, "तो तर १९८१ मध्येच निघून गेला, मामा. फोडून काही परत येत नाही. उलट काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू थोडा शोषून घेत असतं."

"म्हणजे तो तिथं नुसता पडलेला नाही," आई म्हणाली.

या सगळ्या गदारोळात आईने एकही कल्पना मांडली नव्हती. तिला गरज नव्हती. होळी झाली की कोबा तिच्या ताब्यात असतो. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून, पहाटे शिजवून, सोऱ्यातून पाडलेल्या कुरडया तिथे जुन्या साडीवर दोन उन्हांत खणखणीत होतात. मग सांडगे, बटाट्याचा कीस, ज्वारीच्या पापड्या, वर्षाच्या हळदीचं आणि मिरचीचं वाळवण. वहिनींच्या मुळांना जे ऊन सोसत नाही, त्याच उन्हावर आमच्या घरचं वर्षभराचं तळण चालतं. कावळे हाकायला काठी घेऊन बसणाऱ्या पोराला अर्धवट वाळलेल्या कुरडईची मजुरी मिळते. पावसाळ्यात कोब्यावर शेवाळ धरतं, तेवढे चार महिने त्याची रजा. दसऱ्याला गाड्या तिथेच धुऊन झेंडूचे हार घालतात. दिवाळीत तिथे विटा, गोणपाट आणि लाल मातीचा किल्ला होतो, त्यावर हळीव उगवतात आणि सिंहासनाशेजारी एक प्लास्टिकचा वाघ बसतो, तो कोणत्या इतिहासातला हे कोणी विचारत नाही. थंडीत सकाळी तिथे उन्हात शेंगा फोडतात. पाहुणे मात्र नेमके एका वापराची सांगता आणि दुसऱ्याची सुरुवात यांच्या मधल्या रविवारी येतात आणि विचारतात, "हे असंच पडलंय?"

शेवटी घरात बैठक झाली. कोणाला नाही म्हणायचं, हे ठरेना. साडूंना नाही म्हटलं तर हिचं माहेर, आत्याला नाही म्हटलं तर माझं, वहिनींना नाही म्हटलं तर दारातून येणारा कढीपत्ता बंद. त्यामुळे सगळ्यांच्या योजना तत्त्वतः मान्य झाल्या. कामाला सुरुवात कधी करायची, हे पुढच्या बैठकीत ठरणार होतं. तोवर सामान आणून ठेवायला काय हरकत आहे, असं निघालं. आणि ठेवायला जागा होतीच.

आधी साडूंचे चार लोखंडी खांब आले. मग कौलं, विटा आणि वाळू. मग वहिनींचे अर्धे कापलेले ड्रम आणि उसाच्या चोथ्याची पोती. हिच्या फुटक्या टाइल्सच्या बादल्या. मुलीची जाळी, कारण निदान भिंतीवर चेंडू मारता येईल. आत्याने पाठवलेला पितळेचा पिरॅमिड, जो दोष शोषून घेतो आणि वजनाला फक्त अर्धा किलो आहे. भाच्याची चाळीस रोपं, पिशव्यांतच. काकांनी सगळ्याभोवती पिवळ्या पट्ट्या मारल्या, प्रत्येक ढिगाला नंबर दिला आणि कुठलीही वस्तू तीस सेकंदांत सापडली पाहिजे, असा फलक नारळाला बांधला. कोबा दिसेनासा झाला.

त्यानंतर आलेला पहिलाच पाहुणा मागच्या दारात उभा राहिला. कमरेवर हात, डोळे बारीक. "केवढा पसारा हा!" तो म्हणाला. "हे सगळं हलवा बरं. खाली चांगला कोबा दिसतोय. मोकळा केलात तर किती छान वाटेल!"

मग होळी झाली. गहू भिजले. चौथ्या दिवशी पहाटे चीक शिजला आणि आई सोऱ्या घेऊन मागच्या दारात उभी राहिली. भिजलेला गहू बैठकीची वाट बघत नाही. "घालू कुठे?" तिने विचारलं. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि सोलर. त्या वर्षीच्या कुरडया काकांच्या गच्चीवर गेल्या. काकांनी प्रत्येक कुरडईचा व्यास मोजला आणि एकवीस कुरडया नामंजूर केल्या. आई त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही.

सामान हलवायचं म्हटलं तर मालक ऐकेनात. साडू म्हणाले, खांब आता गंज काढून रंगवलेत. वहिनी म्हणाल्या, मेथी वीतभर आली आहे. भाचा म्हणाला, रोपांनी जागा स्वीकारली आहे. तेव्हा सर्वांना मान्य होईल असा एकच मार्ग उरला आणि तो मात्र सर्वानुमते मंजूर झाला. नारळाच्या पलीकडे, वाळवणासाठी, दुसरा कोबा घालायचा.

मिस्त्रींनी माप घेतलं. "बारा बाय दहाच करू. ढाळ भाईर काढतो या टायमाला. सात पोती लागतील, पण दहा आणून ठेवा. मधी कमी पडाया नको."

"आणि उरली तर?" मी विचारलं.

"उरू देत," आई म्हणाली. "सिमेंट वाया जाता कामा नये."

काका टेप घेऊन जिन्यामागच्या कोपऱ्याकडे निघालेसुद्धा होते. "तीन पोत्यांत सात बाय सात बरोबर बसतो!" ते तिथून ओरडले. "त्याचं काय करायचं ते मग ठरवू!"